मंडळाची वही कोणाची?

महाविद्यालयातील वाङ्मय मंडळ किंवा नाट्यमंडळ ही मोठी विलक्षण संस्था आहे. तिचे नाव पन्नास वर्षे टिकते. माणसे मात्र दर वर्षी बदलतात. त्यामुळे तिच्या दप्तराला धनी उरत नाही. कार्यालय प्रवेशपत्रे व गुणपत्रके जपते. मंडळाच्या इतिवृत्ताची वही चिटणीसाच्या ट्रंकेतून घरी जाते आणि कालांतराने रद्दीत पडते. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र शासन व त्याच्या संस्थांच्या दप्तरापुरता आहे. विद्यार्थ्यांच्या मंडळाला त्याचा आधार नाही.

आपल्या बडोद्यात ही हानी अधिक जाणवते. येथे १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली साहित्य संमेलने भरली. त्यांची नोंद वाङ्मयेतिहासात आहे. पण १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, त्याच वर्षी बडोदा कॉलेज महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. या स्थित्यंतरांत मराठी मुले कोणते नाटक निवडीत, वर्गणी किती देत, हे संमेलनाध्यक्षांच्या भाषणांत कोठून सापडणार? एखाद्या वर्षी इतिवृत्ताची भाषा मराठीची इंग्रजी झाली असेल, तर तेवढा बदलही अभ्यासकाला पुष्कळ सांगून जातो. मला स्वतःला जमाखर्चाची वही अधिक बोलकी वाटते. चिटणीस ठरावाला शोभा आणू शकतो, पडद्याच्या भाड्याला नाही.

जुने कागद हाती आले की आपला उत्साह नीटनेटकेपणाकडे धावतो आणि तेथेच घात होतो. गठ्ठा ज्या क्रमाने आला तो क्रम मोडू नये. कोणता कागद कशाशेजारी होता, हीही माहितीच असते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो. गंजलेल्या टाचण्या हलकेच काढून सुती फीत बांधावी. दप्तर ओल्या भिंतीपासून दूर ठेवावे. छायाचित्रांच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने नावे लिहावीत, आणि ती ओळखणारी माणसे आहेत तोवरच लिहावीत. संगणकीय प्रत जरूर काढावी, परंतु म्हणून मूळ वही टाकू नये.

मंडळाच्या घटनेत एक कलम असावे : नव्या चिटणीसाने यादीवर सही करून दप्तर स्वीकारावे, आणि तीन वर्षांहून जुने दप्तर ग्रंथपालाच्या स्वाधीन करावे. ज्या माजी विद्यार्थी बंधुभगिनींच्या घरी अशा वह्या आहेत, त्यांना त्या देणे जड वाटत असेल तर निदान प्रत काढू द्यावी. वहीत जुन्या भांडणाची नोंद असली, तरी ते पान फाडू नये. ठरावीक वर्षे ते कोणास दाखवू नये, अशी अट देणाऱ्याने लेखी घालावी आणि ग्रंथालयाने ती पाळावी.