पाहुण्यांच्या भेटीला, होडीतून!

मुलांनो, ऐन थंडीत पहाटे पाच वाजता कुणी तुमची गोधडी ओढली तर राग येतो ना? येणारच! पण ती तुम्हाला होडीत बसवायला ओढली असेल तर?

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर गेलं की भिगवण लागतं. भीमा नदीवर उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याचं पाणी मागे पसरत पसरत इथवर आलं. शेतं बुडाली, गावं उठली. (तुमच्यापैकी कुणाचे आजी-आजोबा त्या गावांतले असतील तर त्यांना जरूर विचारा. मी इथे दोन ओळींत उरकतेय, पण ती गोष्ट फार मोठी आहे.) पाणी आलं तसे मासे आले आणि पाठोपाठ पाहुणे पक्षीही आले. आता डिकसळ, कुंभारगावचे मासेमार हिवाळ्यात आपल्या होड्यांतून लोकांना पक्षी दाखवायला नेतात. आमच्या चौथीच्या मुलांना घेऊन मीही गेले होते.

आधी लाइफ जॅकेट, मग होडी! होडीत उभं राहायचं नाही, एका बाजूला गर्दी करायची नाही. पाण्यावर धुकं असतं. वल्हं पाण्यात शिरतं, चुबुक! तेवढाच काय तो आवाज. नाकाचा शेंडा गार पडतो, पण कुणाचं लक्षच नसतं तिकडे.

सगळ्यांत आधी भेटतो वारकरी. अहो, पक्ष्याचंच नाव आहे ते! अंग काळं कुळकुळीत आणि कपाळावर पांढरा टिळा. दचकला की पाण्यावरून चक्क धावत सुटतो. वर पाहिलं तर कवड्या खंड्या हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला. पुढच्या क्षणी सूर, आणि चोचीत मासा!

पलीकडे काठावर बसलेली बदकासारखी मंडळी दिसतात ना, ते पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. हे येतात तिबेट-मंगोलियाकडून, हिमालय ओलांडून. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून पाहिलं, तर काही पक्षी ७,००० मीटरांहूनही उंच उडालेले आढळले. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. करा हिशेब! चार कळसूबाई एकावर एक रचली तरी कमीच पडतात.

पण सगळे वाट पाहतात ती रोहित पक्ष्याची, म्हणजेच फ्लेमिंगोची. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर डिसेंबरात ते फारसे दिसत नाहीत, कारण त्यांना उथळ पाणी लागतं. जानेवारीनंतर पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि यांचे थवे उतरतात. मान खाली घालून, चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात, आपल्या चहाच्या गाळणीसारखं. त्यांचा गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो, बरं का! पिल्लं असतात राखाडी.

आम्ही बघत होतो तेवढ्यात शेजारच्या होडीतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो दादा, उडवा की जरा. फोटो घ्यायचाय." त्यांच्या नावाड्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"साहेब, जेवत्यात ती. ताटावरनं उठवायचं व्हय?"

गृहस्थ गप्प! खरंच, रोहितासारख्या मोठ्या पक्ष्याला उडण्याआधी पाण्यातून धावावं लागतं. दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उठवलं, तर त्याने खायचं कधी? आणि परतीच्या प्रवासासाठी अंगात बळ साठवायचं कधी?

मग एका मुलीने विचारलं, "काका, होडी किती जवळ नेली तर चालतं?" नावाडीकाका म्हणाले, "त्यांच्या माना बघायच्या. खाली हायत तवर ठीक. समद्यांनी वर केल्या, की थांबायचं." किती सोपं माप! फूटपट्टी नको की काही नको.

म्हणूनच मला इंजिनाच्या होडीपेक्षा वल्ह्याची होडी आवडते. हल्ली कयाक नावाची चिंचोळी, एकट्या-दुकट्याची नाव तुम्ही चित्रांत पाहिली असेल. ती मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ती बनवत. का माहीत आहे? बर्फाळ समुद्रात सावजाला चाहूल लागू न देता जवळ जाता यावं म्हणून. ते जात शिकारीला, आपण जातो बघायला. पण युक्ती तीच!

आईबाबांना सांगा, जायचं तर उजाडता उजाडताच होडीत बसायचं. ऊन वर आलं की बऱ्याचदा वारा सुटतो आणि छोटी होडी हेलकावे खाऊ लागते. भडक लाल-पिवळे कपडे नकोत. कानटोपी हवी, दुर्बीण मिळाली तर उत्तम. आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा कागद कुरकुरतो, तेव्हा ती काठावरच संपवा. आमच्या होडीतला पहिला वारकरी त्या आवाजानेच पळाला होता!