शेवाळाच्या अंगावर शेवाळ!

झरीतल्या दोस्तांनो, तुमच्या गावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या आसपास. तरीही आज गोष्ट समुद्री शेवाळाचीच! कारण ती उलगडली पंजाबातल्या भटिंड्यात, आणि तिथून तर समुद्र आणखीनच लांब. तिथल्या पंजाब केंद्रीय विद्यापीठात डॉ. फेलिक्स बास्ट आणि त्यांचे सहकारी किनाऱ्यावरून शेवाळं गोळा करून आणतात आणि प्रयोगशाळेत तपासतात.

एकदा काय झालं, त्यांनी आणलेल्या हिरव्या क्लॅडोफोरावर आणि तांबड्या लॉरेन्सियावर आणखी एक पाहुणा सापडला. शोधायला गेले होते वेगळंच! पाहुणाही हिरवा, पण इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायचा नाही. पेशीला पेशी जोडत तो यजमानाच्या अंगावर पसरतो आणि आतही शिरतो. त्याचं नाव उल्वेला लेप्टोकीटे. अशी शेवाळं जगभरच्या समुद्रांत आहेत, पण 2014 साली या मंडळींनी लिहिलं तोवर भारतातून एकाचीही नोंद नव्हती. एवढा मोठा किनारा आपला, आणि कुणाला दिसलंच नव्हतं!

दुसऱ्याच्या अंगावर कशाला राहायचं? हिरवा पाहुणा स्वतःचं अन्न स्वतःच बनवतो. त्याला हवी असते धरून बसायला जागा आणि ऊन. खडकावर तर जागेसाठी नुसती रेटारेटी चाललेली असते. थंड समुद्रांत केल्प नावाचं तपकिरी शेवाळ असतं. त्यातलं जायंट केल्प चाळीस मीटरांहूनही लांब होतं आणि चांगल्या दिवसांत एका दिवसात अर्धा मीटर वाढतं! त्याच्या पात्यांवर कितीतरी छोटी शेवाळं बिऱ्हाड थाटतात. कोकण-गोव्याच्या कोमट पाण्यात केल्प वाढत नाही. तिथे हे काम इतर शेवाळं करतात.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. एखादं शेवाळ नवीन आहे, हे ओळखायचं कसं? नुसतं बघून नाही! नळीसारख्या हिरव्या उल्वाचंच घ्या. खाऱ्या पाण्यात ती साधी सरळ वाढते, आणि खाडीत गोडं पाणी मिसळलं की तिलाच फांद्या फुटू शकतात. डोळे फसणार नाहीत तर काय! म्हणून बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या सुमारे 600 किलोमीटर पट्ट्यातून अशा नळ्या गोळा केल्या आणि त्यांचा डीएनए वाचला. सगळ्यांना वाटत होतं, या जगभर आढळणाऱ्या दोन जुन्याच जाती असणार. पण एकही नमुना त्यांच्याशी जुळला नाही. 2014 मध्येच नवी जात जाहीर झाली, उल्वा पश्चिमा. नाव द्यायचं तर वर्णन छापावं लागतं आणि एक अस्सल नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो, म्हणजे पुढे कुणालाही ताडून बघता येतं. 2011 अखेरपर्यंत हे वर्णन लॅटिन भाषेत लिहिणं सक्तीचं होतं. आता इंग्रजीही चालते.

आणि क्लॅडोफोरासाठी समुद्रावर जायलाच हवं असं नाही, बरं का. त्याचे भाऊबंद गोड्या पाण्यातही राहतात. गुरांच्या हौदात हिरवे धागे दिसले तर मोठ्या माणसाला सोबत घेऊन थोडे काढा. (विहिरीत वाकायचं नाही!) धागे बुळबुळीत लागले तर बहुधा स्पायरोगायरा, खरखरीत लागले तर क्लॅडोफोरा असू शकतो. खरखरीत धागा शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि त्याच्या कडा नीट न्याहाळा. तिथे पिवळसर तपकिरी, लांबट गोल ठिपके चिकटलेले दिसले तर ते डायाटम असतील, म्हणजे एका पेशीची, काचेच्या कवचातली शेवाळं. किती दिसतात ते मोजा, चित्र काढा आणि खाली हौदाची जागा व तारीख लिहायला विसरू नका.