चार भोके सारखी दिसली म्हणून चाक बसत नाही

'आरोग्य आणि अर्थ' या पानावर मोटारीच्या चाकांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण गाडीला नको ते चाक बसवले, तर खिसा आणि हाडे दोन्ही एकदमच धोक्यात येतात. तेव्हा संपादकांनी या पानावर जागा दिली, हे योग्यच झाले.

उन्हाळा आला की बहरीनमध्ये कोणी ना कोणी नोकरी आटोपून कायमचे गावी परतते आणि घरचे सामान विकायला काढते. झिंजमधील आमच्या एका शेजाऱ्यांना असाच एक सौदा मिळाला. पंधरा इंची ॲलॉयची चार चाके, टायरसकट, अवघ्या चाळीस दिनारांत. चाके होती निस्सान टीडाची, शेजाऱ्यांची गाडी जुनी टोयोटा यारिस. दोन्हींना चार-चार नट. "चाराला चार, बसणारच!" म्हणून शुक्रवारी सकाळी जॅक लावला. एक बोल्ट भोकात गेला, तर समोरचा बोल्ट भोकाच्या चांगला सेंटिमीटरभर आत राहिला.

कारण साधे आहे. भोके किती, एवढे मोजून भागत नाही. ती किती मोठ्या वर्तुळावर पाडली आहेत, हेही पाहावे लागते. या वर्तुळाच्या व्यासाला टायरवाले 'पी.सी.डी.' म्हणतात. यारिसचा 4×100, म्हणजे चार भोके 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर. त्या पिढीच्या टीडाचा 4×114.3. हा विचित्र आकडा म्हणजे साडेचार इंच. एकाच कंपनीच्या गाड्यांतही मेळ असतो असे नाही : 2011 नंतरची निस्सान सनी 4×100 ची आहे. होंडा सिव्हिक 2005 पर्यंत 4×100 होती, पुढच्या पिढीपासून 5×114.3 झाली. म्हणून "माझ्या मित्राच्या सिव्हिकला बसले" हा पुरावा धरू नये. गाडीचे मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगूनच चौकशी करावी.

मोजायला घरातली पट्टीही चालते. चार भोके असतील, तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. मध्य नेमका सापडत नाही, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे. उत्तर तेच येते. पाच भोके असली की समोरासमोर कोणी नसते. तिथे शेजारच्या दोन भोकांमधले अंतर घेऊन 1.7 ने गुणावे. 58.8 मिलिमीटर आले तर पी.सी.डी. 100, आणि 67.2 आले तर 114.3.

शेजाऱ्यांचे चाक बसलेच नाही, हे त्यांचे नशीब. खरी भीती असते ती 'जवळजवळ' बसणाऱ्या चाकांची. फियाटच्या पुष्कळ गाड्यांचा आकडा 4×98. मर्सिडीज आणि ऑडीच्या अनेक गाड्यांचा 5×112, तर बहुतेक जपानी गाड्यांचा 5×114.3. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. नट जोर लावून आवळले जातात, पण बोल्ट किंचित वाकून राहतात आणि नट आपल्या जागी पूर्ण टेकत नाहीत. मग नट सैल होत जातात, किंवा बोल्ट थकून तुटतो. कामासाठी रोज पंचवीस किलोमीटरच्या कॉजवेवरून खोबरला ये-जा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. समुद्राच्या मधोमध चाक डुगडुगू लागले, तर हाकेच्या अंतरावर गॅरेज नसते.

पी.सी.डी. जुळला तरी काम संपत नाही. चाकाच्या मधले मोठे भोक गाडीच्या हबवर घट्ट बसले पाहिजे. यारिसचा हब 54.1 मिलिमीटर, होंडा सिटीचा 56.1. चाकाचे भोक लहान असेल तर ते चढणारच नाही. मोठे असेल तर मध्ये मापाची रिंग घालावी लागते, नाहीतर चाक नेमके मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरते. प्लास्टिकची रिंग ब्रेकच्या उष्णतेने वाकडी होऊ शकते, ॲल्युमिनियमची घ्यावी.

नटांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. टोयोटा, होंडा, मित्सुबिशी यांच्या लहान गाड्यांचे आटे साधारणपणे 12×1.5 चे, निस्सान-सुझुकीचे 12×1.25 चे. एकाचा नट दुसऱ्यावर दोन आटे जातो आणि अडतो. अशा वेळी पान्याने रेटू नये, आटे कायमचे जातात. नटाचे टोकही पाहावे. बाजारात सुट्या मिळणाऱ्या ॲलॉयना बहुधा शंकूच्या आकाराचे नट लागतात, होंडाच्या मूळ चाकांना गोलसर टोकाचे, टोयोटाच्या काही मूळ ॲलॉयना सपाट वॉशरचे. चुकीच्या आकाराचा नट आवळलेला वाटतो, पण टेकलेला असतो जेमतेम एका कडेवर.

आता टायरचा हिशेब. यारिसचे मूळ टायर 175/65 आर 14. बाहेरचा व्यास सुमारे 583 मिलिमीटर. टीडाचे 185/65 आर 15, म्हणजे 621. साडेसहा टक्के मोठे! काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात शंभराच्या बरीच वर असणार, आणि वेगाचा कॅमेरा काट्याचे ऐकत नाही. पंधरा इंची चाकच हवे असेल तर 185/55 आर 15 घ्यावा. त्याचा व्यास 584 येतो. शिवाय चाकाच्या आतल्या बाजूला 'ई.टी.' आणि एक आकडा कोरलेला असतो. तो मूळ चाकापेक्षा दहाने कमी असेल, तर चाक दहा मिलिमीटर बाहेर येते. मागे तीन माणसे बसली आणि गतिरोधक आला, की टायर मडगार्डला घासतो.

चाके बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्कच्या पान्याने आवळून घ्यावेत. लहान जपानी गाड्यांना साधारण 100 ते 110 न्यूटन-मीटर लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासावेत. जुने नट मात्र भंगारात देऊ नका. स्टेपनी अजून जुन्याच लोखंडी चाकाची असते आणि नव्या ॲलॉयचे नट तिला लागतीलच असे नाही. रात्री पंक्चर झाल्यावर हा शोध लागणे फार वाईट. विमा कंपनीलाही बदल आधी विचारलेला बरा.

शेजाऱ्यांनी ती चाके एका टीडावाल्याला पस्तीस दिनारांना दिली. टायरवर कोरलेला चार आकड्यांचा आठवडा-वर्षाचा शिक्का त्या टीडावाल्याने आधी वाचला, म्हणून पाच दिनार कमी आले.