कॅलेंडर फुल्ल, काम मात्र रांगेत

१९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग या गणितज्ञाने फोन कॉल्सच्या गर्दीवर पेपर लिहिला. त्यातूनच पुढे क्यूइंग थिअरी, म्हणजे रांगेचं गणित उभं राहिलं.

समजा एकच सर्व्हर आहे. कामं कधीही टपकतात; कुठलं पाच मिनिटांचं, कुठलं तीन तासांचं, सरासरी एक तास. सर्व्हर ८०% बिझी असेल तर नवं काम सरासरी ४ तास थांबतं. ९०% ला ९ तास. ९५% ला तब्बल १९! कारण कामं झुंडीने येतात आणि मधला रिकामा वेळ साठवून ठेवता येत नाही.

सर्व्हरला आम्ही मोकळी जागा ठेवतो. माणसाला मात्र १००% भरतो! हेच आकडे दाखवून मी मॅनेजरकडे शुक्रवारची दुपार मोकळी मागितली. 'बघू' म्हणाले. तेव्हापासून ती मीच ब्लॉक करतोय.