नव्या रॅकचे नऊ दिवस

आपल्या मंडळात नाद नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. कुणाला नाटकाचा नाद, कुणाला भजनाचा, कुणाला मिनेसोटाच्या थंडीत कढीपत्ता जगवून दाखवण्याचा. आमच्या चार-पाच घरांना नाद लागला तो जुन्या गाडीचा. मुलं कॉलेजला गेली, टू-कार गराजमधली एक जागा मोकळी झाली आणि तिथे १९७२ सालची एमजीबी येऊन बसली. गाडी एकाच्या नावावर आहे, पण पाने, पकडी आणि सल्ले सगळ्यांचे.

एमजीबी म्हणजे इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली, दोन माणसांची, वरून उघडी गाडी. पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेत उतरल्या. म्हणून आजही इथे ती परवडणाऱ्या किमतीत मिळते आणि सुटे भाग घरपोच येतात. आता हे सुटे भाग नवे असले म्हणजे निर्धोक असतात का, याच प्रश्नावर आमचा गेला उन्हाळा खर्ची पडला. त्यातून जे शिकलो ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून हा लेखनप्रपंच.

रॅक म्हणजे काय?

ज्यांनी लहानपणी अँबॅसेडरमधून प्रवास केला आहे, त्यांनी रॅक न बघताच वापरलेला आहे. १९४८ सालच्या मॉरिस मायनरला जी रॅक आणि पिनियनची रचना होती, तीच मॉरिस ऑक्सफर्डमार्फत आपल्या अँबॅसेडरमध्ये आली आणि २०१४ साली उत्तरपाड्याचा कारखाना बंद होईपर्यंत तिथे टिकली. रचना अगदी सोपी. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते एका आडव्या दातेरी पट्टीत फिरतं, तो रॅक. पट्टी डावी-उजवीकडे सरकली की तिच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड पुढची चाकं वळवतात. पट्टी पिनियनला चिकटून राहावी म्हणून मागून एक स्प्रिंगवाला ठोकळा तिला दाबून धरतो. तो दाब किती असावा, हे पातळ पत्र्याच्या चकत्या म्हणजे शिम घालून ठरवतात.

आमच्या गाडीचा जुना रॅक पन्नास वर्षं राबला होता. मधले दात झिजले होते, स्टिअरिंगला दोन इंच ढिलाई होती. म्हणून नवा रॅक मागवला. तो बसवला, गाडी गल्लीत फिरवली, आणि सगळ्यांचे चेहरे पडले. स्टिअरिंग दगडासारखं जड, आणि वळवताना खालून कुरकुर. जुन्या, खिळखिळ्या रॅकने कधी असा त्रास दिला नव्हता!

"चालवत राहा, मोकळं होईल"

मग सल्ले सुरू झाले. ज्याने भाग विकला तो फोनवर म्हणाला, नवं आहे, चालवत राहा, आपोआप मोकळं होईल. आमच्यातला एक म्हणाला, शिम वाढवून ठोकळ्याचा दाब कमी करू, दहा मिनिटांचं काम. दुसऱ्याचं म्हणणं, पॉवर स्टिअरिंगची सवय झाली आहे आपल्याला, ही गाडी अशीच असते. यात तथ्यही होतं. १९५१ साली क्रायस्लरने पॉवर स्टिअरिंग बाजारात आणलं, त्यानंतर अमेरिकेत एका बोटाने गाडी वळवणारी पिढी तयार झाली. बिनपॉवरच्या गाडीला पार्किंगमध्ये जोर लागतोच.

पण निकाल दिला तो वहिनींनी. एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, जडपणाचं काही नाही हो. पण ही गाडी वळते आणि परत सरळच होत नाही. चाक मलाच ओढून आणावं लागतं."

हे ऐकल्यावर गाडी बाहेर काढणं बंद केलं. कारण वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग हाताखालून आपणहून मध्यावर यायला हवं. ते जिथल्या तिथे अडून राहत असेल तर तो आरामाचा प्रश्न राहत नाही. हायवेच्या रॅम्पवर क्षणभर चाक अडकलं तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. शिवाय बऱ्याच राज्यांत इतक्या जुन्या गाडीला सक्तीची तपासणी नसते. म्हणजे इन्स्पेक्टर आपणच.

एकेक दुवा सोडवत जाणे

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नसेल तर प्रत्येक भागाची वेगळी साक्ष घ्यावी लागते. आम्ही पुढीलप्रमाणे गेलो.

प्रथम टायरमधली हवा पाहिली. हवा कमी असली किंवा टायर मूळ मापापेक्षा रुंद असले तर कुठलंही स्टिअरिंग जड होतं. मग पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, हे तरुण मंडळींना मुद्दाम सांगणं आहे. चाकं हवेत असताना स्टिअरिंग हलकं झालं तर दोष टायर, अलाइनमेंट किंवा वजनाखाली घासणाऱ्या भागांत. आमचं थोडं हलकं झालं, पण पुरतं नाही. म्हणजे गुन्हेगार एकाहून अधिक.

मग टाय रॉडची बाहेरची टोकं सोडवली. यासाठी हातोडा चालवू नये, खास ओढणी येते. इथली ऑटो पार्ट्सची मोठी दुकानं अशी अवजारं डिपॉझिट घेऊन वापरायला देतात. टोकं सुटल्यावर प्रत्येक चाक हाताने वळवून पाहिलं. उजवं सहज फिरलं. डावं फिरताना अगदी तीच कुरकुर! एमजीबीची चाकं किंगपिनवर वळतात आणि त्यांना ग्रीस भरण्यासाठी दर बाजूला निपल असतात. डावीकडचं एक निपल वाळलेल्या ग्रीसने बंद झालं होतं. निपल बदलून, वजन नसताना, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरलं, आणि कुरकुर गेली. रॅकचा त्या आवाजाशी संबंध नव्हता. लोखंड आवाज इकडून तिकडे नेतं, त्यामुळे कानावर विसंबू नये. एकजण चाक हलवत असताना दुसऱ्याने एकेका भागावर हात ठेवावा. जो भाग कुरकुरतो तो तळहाताला कळतो.

आता राहिला जडपणा. चाकं सुटलेली असताना स्टिअरिंग फिरवलं तर एका पूर्ण फेऱ्यात दोनदा अडे, दोनदा सुटे. इथे आमच्यातल्या निवृत्त फिटरने, जे पूर्वी पिंपरीच्या कारखान्यात होते, मान हलवली. स्टिअरिंगचा दांडा आणि पिनियन यांना जोडणारा एक युनिव्हर्सल जॉइंट असतो, आपले मेकॅनिक ज्याला क्रॉस म्हणतात तो. दांड्याची रेषा आणि पिनियनची रेषा या जॉइंटच्या बरोबर मध्यात भेटायला हव्यात. नाही भेटल्या तर जॉइंट फेऱ्यात दोनदा ओढला जातो. त्यांनी जॉइंटचा बोल्ट काढून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. दांडा एकटा हलका फिरला. पिनियन एकटं फिरवलं, तर तेही या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं फिरलं, किंचित घट्ट, पण कुठेही न अडता. नवा रॅक निर्दोष सुटला! नव्या रॅकची बैठक जुन्यापेक्षा केसभर वेगळी होती, इतकंच.

एमजीबीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ही रेषा जुळवण्याची कृती दिलेली आहे. रॅकचे आणि दांड्याचे बोल्ट सैल करायचे, दोन्ही एकमेकांना सामावून घेतील असं बसू द्यायचं, आणि थोडं थोडं आवळत दर वेळी स्टिअरिंग फिरवून पाहायचं. रॅकखाली फट उरली तर ती बोल्टने ओढून मिटवायची नाही, तिथे बरोबर जाडीची शिम घालायची. आम्हाला एका बाजूला एक शिम लागली. आवळल्यावर अडणं बंद. शेवटी जॉइंटचा बोल्ट पिनियनच्या खाचेतूनच गेला आहे ना, हे आरशाने पाहिलं आणि सेल्फ-लॉकिंग नट नवे घातले. रॅक बरोबर मध्यावर आणून टाय रॉड दोन्हीकडे सारखे जोडले, आणि अलाइनमेंट करून घेतलं.

घाई कुठे नडली असती

समजा, पहिल्याच दिवशी रॅकची शिम वाढवली असती. स्टिअरिंग जरासं हलकं झालं असतं, समाधान वाटलं असतं, आणि जॉइंट तसाच ओढला जात राहिला असता. वर निर्दोष रॅकमध्ये खडखड आणि ढिलाई आली असती. शिवाय नवा रॅक उघडला की बहुतेक दुकानदार तो परत घेत नाहीत.

वंगणाचंही तसंच. जुन्या मॅन्युअलमध्ये रॅकला तेल भरायला सांगितलं आहे, पण नवे रॅक बहुधा ग्रीस भरूनच येतात. आधी विचारून घ्या, मग भरा. जास्त भरलं तर रॅक सरकताना दोन्हीकडचे रबरी बूट फुगतात आणि फाटतात. आणि मागवताना गाडीचं वर्ष सांगा. डाव्या आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगचे रॅक वेगळे असतात.

जुना रॅक परत पाठवला तर दुकानदार डिपॉझिट परत देतात, त्या मोहाने तो लगेच पेटीत घालू नका. नवा सिद्ध होईपर्यंत जुना बाकावर राहू द्या. माप, बैठक, टोकांचे आटे, सगळं शेजारी ठेवून ताडून पाहता येतं. आम्हाला बैठकीतला फरक दिसला तो असाच.

आता राहता राहिला तो किंचित घट्टपणा. त्यासाठी आम्ही एक साधा नियम ठरवला आहे. जडपणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असेल आणि चाक वळणानंतर आपणहून सरळ येत असेल, तर नव्या बॉल जॉइंटना वेळ द्या. गल्लीत, दुपारच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये शंभरेक मैल फिरवा आणि नंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. पण जडपणा एका ठराविक जागी येत असेल, किंवा चाक परत येत नसेल, तर ती गाडी एक मैलही चालवू नका. तो दोष "चालवून" जात नाही. तो झिजून मोकळा होतो असं वाटतं तेव्हा काहीतरी महत्त्वाचं झिजलेलं असतं.

आमची एमजीबी आता रविवारी किराणा आणायला जाते. मागे पोळीच्या पिठाची एकच पिशवी मावते, त्यावरून घरात बोलणी बसतात, ती वेगळी. पार्किंगमध्ये अजून दंडाला व्यायाम होतो. मात्र वळण संपलं की चाक हळूच आपलं आपण सरळ होतं, आणि त्यासाठी वहिनींची सही घेतल्याशिवाय आम्ही गाडी पास केली नाही.

आपल्यापैकी कुणाच्या गराजमध्ये अशी एखादी म्हातारी असेल आणि तिने मान धरली असेल, तर नॉर्थ अमेरिकन एमजीबी रजिस्टरसारख्या क्लबांच्या सभासदांना विचारा, ही मंडळी फार मोकळेपणाने मदत करतात. आणि जवळपास असाल तर आम्हाला हाक मारा. स्टँड, ओढणी आणि ग्रीसगन घेऊन येऊ. चहा तेवढा आल्याचा ठेवा.