सोबतीनं पाहिलेली स्वप्नं

पहाटे पाचच्या सुमारास शहादा, तळोदा किंवा नंदुरबारच्या बाहेरच्या रस्त्यावर गेलं, तर अंधारात पळणारी मुलं-मुली दिसतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणाच्या नसतात. कुणीतरी मोबाइलवर वेळ लावलेली असते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्याशिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, लेखी परीक्षेचे १००. ‘ग्राउंड निघालं का?’ हा इथल्या तरुणांचा एकमेकांना विचारायचा रोजचा प्रश्न. यातली बरीचशी मुलं कुठल्या तरी कॉलेजात बी.ए.ला किंवा बी.एस्सी.ला असतात. सकाळी ग्राउंड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी अभ्यासिका असा त्यांचा दिवस जातो.

पुढे काय व्हायचंय असं विचारलं की ठरलेली चार-पाच उत्तरं येतात: पोलीस, तलाठी, नर्स, शिक्षक, फार तर एमपीएससी. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, या मुलांची स्वप्नं छोटी आहेत आणि सगळ्यांची सारखीच आहेत. पण या निष्कर्षात घाई आहे. ज्या घरात वर्षभराची मिळकत पावसावर आणि ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीवर अवलंबून असते, तिथे दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा पगार ही फार मोठी कल्पना असते. तिच्यासाठी पहाटे उठून पळणाऱ्या मुलीला कमी लेखायचा अधिकार कुणालाच नाही. प्रश्न वेगळा आहे. शेकडो मुलांना एकच रस्ता दिसतो, तेव्हा बाकीचे रस्ते गेले कुठे?

मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात यावर विचार मांडला. आकांक्षा बाळगणं ही एक क्षमता आहे आणि ती समाजात सारखी वाटली गेलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. सुखवस्तू घरातल्या मुलाला लहानपणापासून इच्छा आणि ती पुरी करायची वाट या दोन्ही गोष्टी जोडीनं दिसतात. काका आर्किटेक्ट, आत्या वकील, शेजारचा दादा परदेशी शिकायला गेलेला. एक वाट चुकली तर दुसरी कशी धरायची, हेही त्याला जेवता-जेवता ऐकून कळतं. गरीब घरातल्या मुलाची इच्छा तेवढीच तीव्र असते, पण मधल्या पायऱ्या त्याने पाहिलेल्या नसतात. सरावाची संधीच कमी मिळालेली असते. अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर वाढलेल्या मुलानं पगार घेणारी माणसं कोणती पाहिलेली असतात? गुरुजी, आरोग्यसेविका, ग्रामसेवक, पोलीस. त्याच्या उत्तरांची यादी तिथूनच येते.

नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास-भूगोलही लक्षात घ्यायला हवा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. सहा तालुके, उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा, पश्चिमेला गुजरात. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा राज्याची ८२ टक्क्यांच्या वर होती. घरात भिली, पावरी, मावची किंवा कोकणी बोलणारं मूल पहिलीत येतं, तेव्हा फळ्यावरची मराठी त्याच्यासाठी नवी भाषा असते. अल्पसंख्य भाषागटांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी राज्यघटनेत ३५० अ हे कलम १९५६ सालीच आलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला. पाड्यावरच्या वर्गात मात्र हे सारं त्या एका शिक्षकाच्या कळकळीवर येऊन ठेपतं. त्यात दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत, बारडोली-सुरतकडे निघाले की मूलही कोप्यांवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर जातं आणि थेट उन्हाळ्यात परततं. म्हणजे वर्गातलं अर्धं वर्ष गेलं. ही सगळी चाळण पार करून जो विद्यार्थी कॉलेजच्या बाकावर येऊन बसतो, त्याने बरंच काही करून दाखवलेलं असतं.

आणि इथेच त्याच्यावर नवं दडपण येतं: सगळ्यांसारखं दिसण्याचं.

वसतिगृहातले पहिले काही आठवडे याच कामात जातात. मित्रांसमोर घरच्यांशी फोनवर बोलताना आवाज खाली येतो, कारण बोली कुणी ऐकू नये असं वाटतं. वर्गात प्रश्न पडला तरी हात वर होत नाही. आपलं मराठी चुकेल, कुणी हसेल. गावी गेलं की उलटी तऱ्हा. ‘शिकला आणि बदलला’ हे ऐकावं लागू नये म्हणून तिथे कॉलेजातलं काही बोलायचं नाही. दोन ठिकाणी दोन प्रकारे गप्प बसायची सवय लागते. मुलींच्या बाबतीत गप्प बसण्याच्या जागा आणखी वाढतात.

गप्प बसणं हा त्या मुलांचा दुबळेपणा मानायचं कारण नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात कॉलेज विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्यांतली पहिलीएवढी कोणती, एवढंच सांगायचं. उत्तर लहान मुलालाही दिसेल इतकं सोपं. पण खोलीतल्या बाकी सगळ्यांना आधीच पढवून ठेवलेलं होतं आणि ते ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर देत. अशा फेऱ्यांमध्ये खऱ्या विद्यार्थ्यांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या बाजूने गेली आणि चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. हे सगळे चांगल्या कॉलेजांत शिकणारे, आपल्याच देशात, आपल्याच भाषेत बोलणारे तरुण होते.

याच प्रयोगातला दुसरा भाग कमी सांगितला जातो आणि नंदुरबारसाठी तोच मोलाचा आहे. खोलीत खरं उत्तर देणारा आणखी एकच जण बसवला, तर गर्दीमागे जाण्याचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर आलं. इतकंच काय, त्या एकाचं उत्तर स्वतः चुकीचं असलं, पण गर्दीपेक्षा निराळं असलं, तरीही विद्यार्थ्याला धीर येत होता. वेगळं बोलणारा एक माणूस शेजारी असला की आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं बळ मिळतं.

नंदुरबारला हे प्रयोगशाळेतून शिकायची गरज नव्हती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शहरात विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली आणि माणिक चौकात पोलिसांनी गोळीबार केला. हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही मारले गेले. स्मारकापाशी दरवर्षी हार घातले जातात आणि एकच नाव ठळक होत जातं. पण ती पाच मुलं होती, एकमेकांच्या आधाराने चौकापर्यंत आलेली. त्या वयात सुरक्षित घरी बसणं हाच मळलेला मार्ग होता.

अलीकडच्या काळातलं, जिल्ह्यातल्या प्रत्येक अभ्यासिकेत घेतलं जाणारं नाव म्हणजे डॉ. राजेंद्र भारूड. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबात जन्म. जन्माआधीच वडील गेले. आई मोहाची दारू विकून घर चालवायची. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले, शिकता-शिकताच केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली आणि २०१३ च्या तुकडीतून भारतीय प्रशासन सेवेत आले. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यांचं आत्मकथन मराठीत पुष्कळ वाचलं गेलं. पुढे ते नंदुरबारचेच जिल्हाधिकारी झाले. २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट आली, देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव झाली, तेव्हा नंदुरबारने आधीच ऑक्सिजन निर्मितीचे प्रकल्प उभारलेले होते आणि या दुर्लक्षित जिल्ह्याचं नाव चांगल्या कारणासाठी देशभर झालं.

ही गोष्ट सहसा एकट्याच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. ती जिद्द खरीच. पण त्या गोष्टीत जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षकही आहेत. मुलगा हुशार आहे, त्याला पुढे चांगल्या शाळेत घाला, असं त्यांनी आईला सांगितलं. तो सल्ला मानून मुलाला दूरच्या निवासी नवोदय विद्यालयात पाठवणारी आई आहे. राहण्या-जेवण्यासह मोफत शिक्षण देणारी सार्वजनिक शाळा आहे. शिक्षक, आई आणि शाळा या तीन पायऱ्यांपैकी एक जरी निखळली असती, तर जिद्द असूनही वाट अडली असती. अभ्यासिकेच्या भिंतीवर लावलेल्या फोटोत या पायऱ्या दिसत नाहीत. फोटो पाहून मुलं ‘आपणही कलेक्टर’ म्हणतात आणि जे स्वप्न एका मुलानं स्वतःच्या अनुभवातून घडवलं, तेच आता शेकडो मुलांसाठी तयार साचा बनतं. निवड होणारे मोजके असतात. उरलेल्यांचं काय, हे भिंतीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून या जिल्ह्यातली उलट्या दिशेची गोष्टही कॉलेजच्या मुलांना माहीत असायला हवी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोदा परिसरात सालदारांची मजुरी आणि हातातून गेलेल्या जमिनी यांवर आदिवासींची चळवळ उभी राहिली. भिल्ल समाजातून आलेले अंबरसिंग सुरतवंती तिचे नेते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. आयआयटी मुंबईत शिकलेले कुमार शिराळकर इंजिनिअरचं आयुष्य सोडून इथे आले आणि २०२२ मध्ये निधन होईपर्यंत श्रमिकांचेच राहिले. ज्या पदवीसाठी सारा मध्यमवर्ग धडपडतो, ती घेऊन कुणी सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन राहील, हे त्या काळी त्यांच्या वर्गमित्रांना किती अनोळखी वाटलं असेल! चळवळीच्या शिबिरांत मजूर बायका-पुरुष कायदे शिकले, हिशेब शिकले, सभेत उभं राहून बोलायला शिकले. याच चळवळीतले वाहरू सोनवणे कवी झाले. १९८७ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘गोधड’ संग्रहात मराठीबरोबर भिलीतल्या कविताही आहेत. वसतिगृहात जी बोली दबक्या आवाजात बोलली जाते, ती छापील पुस्तकात आली, हे आजच्या विद्यार्थ्याला कुणीतरी दाखवायला हवं.

शिकण्याचा आणखी एक प्रयोग नर्मदेच्या काठावर झाला. सरदार सरोवराच्या बुडितात जाणाऱ्या गावांत सरकारी शाळा नीट चालत नव्हत्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनाने गावकऱ्यांसह चिमलखेडी, निमगव्हाण अशा ठिकाणी जीवनशाळा सुरू केल्या. शिक्षक बहुतेक खोऱ्यातलेच तरुण. सुरुवात मुलांच्या बोलीतून, मग हळूहळू मराठी. झाडं, नदी, जमीन, धरण हे सगळे अभ्यासाचे विषय. पाणी चढलं तशा काही शाळा वरच्या डोंगरावर न्याव्या लागल्या आणि गावकऱ्यांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. जीवनशाळांतून निघालेली मुलं पुढच्या शिक्षणासाठी शहरांत गेली. धरणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, ‘आपलं गाव का बुडतंय?’ हा प्रश्न शाळेतच विचारायची मुभा ज्या मुलाला मिळाली, त्याला प्रश्न विचारणं परकं राहत नाही.

कॉलेजात अशी प्रश्न विचारायची मुभा देता येईल का? साधनं आधीच आली आहेत. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाला. त्यात फील्ड प्रोजेक्ट आहे, समाजकार्यातून शिकण्याचे श्रेयांक आहेत, भारतीय ज्ञानपरंपरेचा विषय आहे. बऱ्याचदा त्याची फाइल होते: मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट घ्यायचा, नाव बदलायचं, सही घ्यायची. पण धडगावच्या विद्यार्थिनीने आमचूर हाच प्रोजेक्ट घेतला तर? पाड्यावर आंबा सोलून, वाळवून तयार झालेल्या आमचुराला व्यापारी काय भाव देतो, शहरातल्या दुकानात तो काय भावाने विकला जातो, मधले पैसे कुठे जातात, एवढं जरी तिने नोंदवलं, तरी त्यात अर्थशास्त्र आहे, वाणिज्य आहे, आणि कदाचित तिचा पुढचा व्यवसायही आहे. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळणारी मिरची आणि नवापूरची तूर यांकडेही असंच पाहता येईल. आजीला माहीत असलेल्या रानभाज्यांची नावं तिच्याच बोलीत लिहून घेतली, तर वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्याला ज्ञानपरंपरेचा विषय पाठ करावा लागणार नाही.

यासाठी एक प्राध्यापक पुरेसा आहे, चुकीच्या मराठीत विचारलेला प्रश्नही पूर्ण ऐकून घेणारा. आणि वर्गात हात वर करणाऱ्या मुलीच्या शेजारी बसलेली, न हसणारी एक मैत्रीण. पहाटेचं ग्राउंड बंद करायची गरज नाही. भरती निघणार आहे, पगार हवाच आहे. पण धावून झाल्यावर घाम पुसत बसलेल्या त्या घोळक्यात कुणी म्हणालं, की माझ्या गावच्या शाळेतून दिवाळीनंतर किती पोरं ऊसतोडीला गेली ते मी मोजणार आहे, येतोस का सोबत, तर दुसऱ्यानं ‘हो’ म्हणायला फारशी अडचण नसावी. गाव त्याच्याही ओळखीचं आहे, बोली त्यालाही येते, आणि कोप्यांवरून उन्हाळ्यात परतलेल्या मुलाला पुन्हा वर्गात बसताना कसं वाटतं, हे त्या दोघांपैकी एकाला तरी स्वतःच्या बालपणापासून माहीत असण्याची दाट शक्यता आहे.