'नाही' म्हणण्याची जबाबदारी

बँकेच्या नोकरीत मी 'नाही' हा शब्द हजारदा उच्चारला असेन. त्यातल्या एका 'नाही'ची बोच अजून गेलेली नाही.

१९८७ सालची गोष्ट. काउंटरवर एक बाई आल्या. यजमान नुकतेच वारलेले. "तालुक्यात कुठंतरी मुदत ठेव ठेवलीय म्हणत होते, पावती सापडत नाही," म्हणाल्या. आमच्या पाच शाखांना मी पत्रं धाडली. सगळी लेजरं मागवणं अशक्यच. तेव्हा प्रश्नच तिकडं पाठवायचा, ज्यानं त्यानं आपलं लेजर चाळायचं आणि फक्त उत्तर कळवायचं. पाचही उत्तरं आली : 'नाही'. मी बाईंना तेच सांगितलं.

दोन वर्षांनी तपासणीत ठेव सापडली. एका शाखेत लेजर उघडलंच नव्हतं. नुसती नावांची सूची पाहिली होती, आणि सूचीत हे नाव चढवायचं राहिलं होतं. पैसे पोचते केले. पण तोवर मुलाचं कॉलेज सुटलं होतं.

परवा हे मुलीला सांगितलं. ती संगणकांवरच्या माहितीसाठ्यांचं काम करते. म्हणाली, "बाबा, आमच्याकडंही हेच!" माहिती शेकडो यंत्रांवर विखुरलेली. ती एका जागी ओढून आणून चाळण्यापेक्षा असेल तिथंच चाळायची. पण तिथंही फायली अनेक. प्रत्येक उघडायला वेळ जातो. म्हणून 'कॅसांड्रा'सारख्या प्रणालीत फायलीच्या दाराशी एक रखवालदार असतो : ब्लूम फिल्टर. बर्टन ब्लूम यांनी १९७० साली मांडलेली ही युक्ती.

रखवालदाराकडं नावं नसतात, नुसत्या घरांची ओळ असते. नाव आलं की ठरलेल्या सूत्रांनी काही घरांत खुणा करायच्या. पुढं कुणी तेच नाव विचारलं, तर तीच घरं पाहायची. एक जरी रिकामं असेल, तर नाव नक्की नाही. फाईल उघडूच नका. सगळी भरलेली असतील, तर 'असेल कदाचित'. कारण त्या खुणा दुसऱ्या नावांच्याही असू शकतात. नावामागं दहा घरं दिली, तर असा उगाच हेलपाटा शंभरात साधारण एकदाच पडतो.

म्हणजे त्याचं 'असेल' चुकू शकतं. 'नाही' चुकत नाही. अट एकच : नोंद होताना खूण राहता कामा नये.

२०२३ साली रिझर्व्ह बँकेनं 'उद्गम' पोर्टल सुरू केलं. अनेक बँकांतल्या बेवारस ठेवी त्यावर एकत्र शोधता येतात. ते पाहताना त्या बाई आठवल्या. उगाच उघडलेल्या लेजरानं कारकुनाची दहा मिनिटं गेली असती. न उघडलेल्यानं एका घराची दोन वर्षं गेली.